राखणीची पाळी

१२ नोव्हेंबर

पोचले एकदाची. जुन्या सीबीएसवरून सकाळची हरसूलची एसटी, तिथून पुढे जीप, आणि जीपवाल्याने ‘इथून पुढं गाडी जात नाय बाई’ म्हणून फाट्यावर उतरवल्यावर बिवळदऱ्यापर्यंत पायी. पाठीवर सॅक, एका हातात गॅसची छोटी शेगडी, दुसऱ्या हातात चिवड्याचा डबा. नाशिककर कुठेही गेला तरी चिवडा सोडत नाही.

निघताना नणंदबाई म्हणाल्या, या वयात कशाला ही उठाठेव. सत्तेचाळीस हे काय वय आहे का! वीस वर्षं कॉलेजात पोरांना फळ्यावर जंगल काढून दाखवलं, एकदा तरी खऱ्या जंगलात राहून बघावं म्हणून संस्थेचं हे काम घेतलं. बिवळदऱ्याला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आहे. त्याचा आराखडा मी करायचा. लाकूड किती काढायचं, मोह किती, हिरडा किती, म्हणजे जंगलही राहील आणि गावही जगेल. उन्हाळ्यापर्यंत मुक्काम.

वाटेतले सगळे डोंगर न्हाव्याने वस्तरा फिरवल्यासारखे बोडके. मग एक वळण आलं आणि समोर बिवळदऱ्याचा डोंगर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत नुसती झाडं. मी रस्त्यात उभी राहून मोठ्याने हसले. फाट्यापासून सोबत चालणाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं असेल, बाई उन्हाने फिरली.

वन समितीचे अध्यक्ष भिमाजी घ्यायला आले होते. साठीचे असतील, कमी बोलतात. त्यांनी दोन खोल्यांचं घर दिलं. कोपऱ्यात मातीची सारवलेली चूल आहे, पण स्वैपाक तुमच्या गॅसवरच करा म्हणाले. भाकरी शेजारच्या कुसाबाई पाठवतील. कुसाबाई म्हणजे पासष्टीची, काटक, तोंडाने फटकळ बाई. मुलगा वाल्मीक सातपूरला कंपनीत आहे. आल्या आल्या तिने मला विचारलं की माझे केस गळतात का. आमचं जमणार.

मोबाइलला रेंज फक्त शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की. तिथून पूजाला फोन केला. पोरगी गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मैत्रिणीबरोबर राहतेय, आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष. ‘आई, वाघ आला तर त्याला लेक्चर देऊ नकोस’ म्हणाली. तिच्या बाबाची जीभ घेतली आहे. शेखर असता तर हेच म्हणाला असता, आणि वर मला फाट्यापर्यंत सोडायला आला असता. तीन वर्षं झाली, तरी ‘शेखर असता तर’ हे वाक्य रोज येतंच. आज फाट्यावर एकटी उतरताना फार आलं.

१५ नोव्हेंबर

तीन दिवस नुसती फिरतेय. ऐन, सादडा, बिवळा, हिरडा, मोह. मांडीएवढे जाड वेल. खाली पानांचा इतका थर की पाय ठेवला की ओल जाणवते. गावाच्या वरच्या अंगाला झरा आहे, तो मे महिन्यातही आटत नाही. खालच्या गावांना मार्चमध्ये टँकर लागतो आणि इथे बायका भर उन्हाळ्यात झऱ्यावर गोधड्या धुतात. जंगल म्हणजे दुसरं काय असतं? पावसाळ्यात मिळालेलं पाणी जपून वर्षभर देणारी एखादी कष्टाळू सासू.

नियम भिमाजींनी चालता चालता सांगितले. जंगलात कुऱ्हाड न्यायची नाही. हिरव्याला हात लावायचा नाही. सुकून पडलेलं घ्यायचं, तेही घराला लागेल तेवढंच, विकायला नाही. आणि राखण. रोज एका घरातलं एक माणूस सकाळी जंगलात जातं, वरच्या मोठ्या सादड्याखालच्या कातळावर दिवसभर बसतं आणि दिवेलागणीच्या आत परत येतं. परत आलं की राखणीची काठी पुढच्या घराच्या दाराला टेकवून ठेवायची. काठी दारात आली की पाळी आली. घरातलं कुणीही चालतं, म्हातारं, तरणं, बाई, पुरुष.

मी विचारलं, चोर आला तर एकटं माणूस काय करणार. भिमाजी म्हणाले की चोर येत नाही. मग राखण कशाची, असं विचारल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि हिरड्याच्या भावाचं काढलं.

असो. पुस्तकात ज्याला शाश्वत व्यवस्थापन म्हणून आम्ही चाळीस पानं खरडतो, ते ही माणसं एका काठीवर करतात. फक्त एक खटकलं. काठी माझ्या घरावरून पुढे जाते. शाळेच्या मास्तरांच्या घरावरूनही जाते. आमच्याकडे गॅस आहे ना, म्हणून. ज्याच्या चुलीत या जंगलाचं लाकूड जळतं त्याचाच उंबरा पाळीत धरतात. मला उगीच पाहुण्यासारखं वाटलं.

१९ नोव्हेंबर

आज मी चूल पेटवली!

रविवारी चुलीवरच्या मिसळीसाठी तासभर रांगेत उभी राहणारी मी, घरात आयती चूल असताना गॅसवर पोहे करत बसले होते. गाढवाला गुळाची चव काय, ती हीच. सकाळी कुसाबाईला म्हटलं, आज मी पिठलं-भाकरी करते, तुम्ही जेवायला या. ती म्हणाली, नका बाई, धुराने डोळे जातील, मी देते ना भाकरी. मी म्हटलं, मी काय मेणाची आहे? ती पुन्हा म्हणाली, गॅसच बरा. मला वाटलं, शहरातल्या बाईचे लाड चाललेत.

जंगलाच्या काठावरून सुक्या काटक्या वेचून आणल्या. चार वेळा विझली, पाचव्या वेळी पेटली. कौलातून धूर निघाला तसे लोक जमले. भिमाजी स्वतः नारळ घेऊन आले. चुलीला हळदकुंकू लावलं. बायका हसत होत्या, एकीने माझ्या दंडाला हात लावून बघितला, सुनेला बघतात तसा. भिमाजी म्हणाले, आता तुमचाबी उंबरा धरला. मला भरून आलं. शेखर गेल्यापासून मी कुठल्या दारात इतकी हवीशी झाले नव्हते.

कुसाबाई आत आली नाही. दारात उभी राहून धुराकडे बघत होती. मी भाकरी दिली ती अर्धी मोडून खाल्ली आणि गेली. माझ्या पिठल्यात मीठ जास्त झालं होतं, तसं असेल.

२८ नोव्हेंबर

काल काठी माझ्या दारात होती. सण असल्यासारखी लवकर उठून आंघोळ केली, डबा घेतला आणि गेले.

कातळ गुळगुळीत झाला आहे, किती पिढ्या बसल्या असतील. काठी मांडीवर आडवी ठेवून बसायचं, एवढंच. वाचायला पुस्तक नेलं होतं, उघडलं नाही. काही झालं नाही, खरंच काही नाही. पानं पडत होती. मग शेखरचं आठवायला लागलं. दवाखान्याची काच. काचेपलीकडची त्याची पावलं, चादरीबाहेर आलेली. मला आत न सोडणारी नर्स. त्याचा शेवटचा फोन, ज्यात तो फक्त गाडीचा विमा भर एवढंच म्हणाला. एकेक येत होतं आणि जात होतं, कुणीतरी सरपण वेचत पुढे जावं तसं. रडू आलं नाही. संध्याकाळी उठले, काठी पुढच्या दाराला लावली आणि मेल्यासारखी झोपले.

आज सकाळी चहा करताना सवयीने म्हटलं, शेखर असता तर. आणि थांबले. दुखलंच नाही. पुन्हा म्हणून बघितलं. काच आठवते, पावलं आठवतात, पण दात काढल्यावर जीभ रिकाम्या जागी जाते ना, तसं झालंय.

कुसाबाईला सांगितलं. ती म्हणाली, सुकल्यालं जातं बाई पहिल्यांदा. चांगलंच हाय ते.

६ डिसेंबर

हलकं वाटतंय. वीस वर्षांनी पाठीवरची गोणी उतरवल्यासारखं. या गावात भांडण का ऐकू येत नाही, दारू का नाही, विधवा बायका इतक्या शांत का, याचं उत्तर मला मिळालं असं वाटतं. प्रत्येकाचं सुकलेलं दुःख ते जंगल घेऊन जातं. मला हे संस्थेला कसं सांगायचं कळत नाही. सांगणारही नाही. वेड्याच्या इस्पितळात आराखडा पुरा करावा लागेल.

गाव मात्र रिकामं होत चाललंय. द्राक्षाची कामं सुरू झाली. दिंडोरीकडच्या बागांतून टेम्पो येतात आणि घरंच्या घरं भरून नेतात, ती पावसाळ्याच्या तोंडाला परत येतील. जाताना प्रत्येक घर नारळ फोडतं, चूल विझवतं, सारवतं, आणि कडी लावतं. रोज एकदोन चुली थंड होतात. राहिलेली माणसं टेम्पोकडे बघत उभी असतात.

१३ डिसेंबर

काठी एवढ्यात परत माझ्या दारात. मी हसले. नव्याचे नऊ दिवस, म्हटलं, अजून संपले नाहीत तर.

या वेळी कॉलेजातला अपमान गेला, ज्याने मी दोन वर्षं झोपले नव्हते. नणंदेचा राग गेला. आई गेली तेव्हाचं गेलं. पालीची भीतीसुद्धा गेली बहुतेक, आल्यावर भिंतीवर एक होती आणि मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

संध्याकाळी शाळेच्या भिंतीशी पूजाचा फोन. तिने तिच्या सरांची नक्कल केली. विनोद होता, तो कुठे संपतो तेही मला कळलं. हसायचं राहून गेलं. ती म्हणाली, आई, रेंज गेली का?

२२ डिसेंबर

आज भिमाजींना गाठलं आणि उलगडून विचारलं. त्यांनी लपवलं नाही. कुणी विचारलं की ते सांगतात, असं म्हणाले. मीच विचारलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं. आपण त्याचं सुकलेलं घेतो, ते आपलं सुकलेलं घेतं. ज्याने घेतलं त्याने बसायचं. आपण हिरव्याला हात लावत नाही, म्हणून तेही लावत नाही, जोवर सुकलेलं असतं तोवर. मग जागा रिकामी झाली की तिथे परत फुटतं. या सावलीत राहून, झऱ्याचं पाणी पिऊन, पालवी येते तसं सगळं परत येतं, हसू, राग, माया. पण त्याला वेळ लागतो. पूर्वी साठावर चुली होत्या, दोन महिन्यांनी पाळी यायची, तोवर माणूस भरून यायचा. आता हिवाळा सरता सरता आठदहा चुली राहतात. आणि हल्ली कितीतरी घरं सातपूरला, नाशकाला कायमचीच गेली.

मी विचारलं, कुणी बसलंच नाही तर. त्यांच्या आज्याच्या वेळेस एक वर्ष कुणी बसलं नव्हतं. झरा आटला, आणि पुढच्या पावसात डोंगराची एक कड वाडीवर आली. हे सांगताना त्यांनी तंबाखू मळली. चूल पेटवली त्या दिवशी मला का सांगितलं नाही, यावर म्हणाले की सांगायला पायजे होतं, आणि मग, एक चूल वाढली की समद्यास्नी एक दिवस जास्त मिळतो ताई.

घरी येऊन बसले. हे तर माझंच शास्त्र आहे. जंगल तोडलं तरी बुंध्यातून फुटवे येतात, फक्त त्यांना वाढायला वर्षं द्यायची. दोन तोडींमधला काळ कमी केला की फुटवे बारीक होत जातात. मग येत नाहीत. पोरांना हे मी दरवर्षी शिकवलं. फक्त आम्ही आहोत तो बुंधा, हे पुस्तकात नव्हतं.

मला संताप यायला हवा होता. कुठे असतो तो, ती जागा चाचपून बघितली.

३१ डिसेंबर

तिसरी पाळी. सुकलेलं माझ्याकडे फारसं उरलं नव्हतं, हे मला जातानाच माहीत होतं. तरी गेले, कारण चूल विझवून सुटले असते तर काठी पुढे कुसाबाईच्या दारात.

पूजाचा जन्म गेला.

म्हणजे तारीख आहे. दवाखान्याचं नाव आहे. पहाटेची वेळ होती आणि नर्सने तिला माझ्या हातात दिलं, हे आहे. ती जड होती की हलकी, ऊन होती की गार, मला काय झालं, ते नाही. कातळावर बसून मी ते जाताना बघितलं. अडवता येत नाही. अडवावंसं वाटण्याआधीच गेलेलं असतं.

हे लिहून ठेवते. बाकी सगळं गेलं तरी चालेल. शेखर गेला, आई गेली, राग गेला, माझी तक्रार नाही. पूजा जाता कामा नये. ती गेली तर मी कशासाठी आहे?

उद्या नारळ फोडते, चूल विझवते आणि नाशिकला जाते.

५ जानेवारी, गंगापूर रोड

घरी येऊन चार दिवस झाले. चूल नीट विझवून, सारवून आले. कुसाबाईने वाल्मीकसाठी नागलीच्या पापडांचं गाठोडं दिलं.

दार उघडल्यावर पूजाने मिठी मारली. माझे हात कुठे ठेवायचे असतात, याचा मी विचार केला. तिने डाळ-ढोकळी केली होती, माझ्या आवडीची. मी छान झाली म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

वाट बघतेय, परत फुटेल म्हणून. बिसलेरीचं पाणी पिते, बाल्कनीत बसते. समोर पार्किंग आहे.

८ जानेवारी

सातपूरला वाल्मीककडे गेले. पहिली शिफ्ट करून आला होता. चाळिशीचा, नीटनेटका माणूस, दोन खोल्या, बायको, टीव्ही. गाठोडं घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. आई कशी आहे हे त्याने विचारलं नाही. मी थांबले, तरी नाही.

मीच विचारलं, गाव सोडून किती दिवस झाले आणि भरून आलं का. अकरा वर्षं, म्हणाला. आणि, ‘इथं नाय फुटत ते. इथं कशातून फुटणार?’ जे जंगलाने नेलं ते जंगलच परत देतं. परत जावं तर बसावं लागेल, म्हणून तो जात नाही. टीव्हीवर काहीतरी विनोदी चाललं होतं. बायको हसली की तो तिच्याकडे बघायचा आणि मग हसायचा. हे त्याने माझ्यापासून लपवलं नाही. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

रिक्षाने परत येताना कळलं की मीही घरी पूजाकडे बघूनच हसते.

१० जानेवारी

परत जाते. चूल पेटवायची नाही, गॅसवर शिजवायचं, जंगलाची काटकीसुद्धा घ्यायची नाही. झऱ्याकाठी बसून राहायचं, पाणी प्यायचं, फुटेपर्यंत. फुटलं की पूजाकडे यायचं. दुसरा मार्ग नाही.

तिला सांगितलं, काहीही झालं तरी बिवळदऱ्याला यायचं नाही. ती का म्हणाली. मी कारण नीट सांगू शकले नाही. ती रडली, बाबा गेल्यावर तू पण अशी करतेस म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पाणी, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

१२ जानेवारी

वळणावरूनच दिसलं. माझ्या कौलातून धूर.

आत कुसाबाई माझ्या चुलीपुढे बसली होती. थंड नाय होऊ दिली बाई तुमची चूल, म्हणाली. मी गेले त्याच दिवशी तिने ती परत पेटवली, रोज दोन लाकडं घातली. घर थंड ठेवू नये, हे पहिलं कारण दिलं. मग दुसरं दिलं. माझी चूल गेली असती तर तिची पाळी फार लवकर आली असती. मी नसताना माझ्या दारातली काठी तशीच उभी राहिली, कुणी उचलली नाही, दोन दिवस कुणी बसलं नाही, तेवढाच सगळ्यांना विसावा. झऱ्याची धार तेवढ्यानेच करंगळीएवढी झाली आहे.

तिला लाज वाटत नव्हती. ती तिच्याकडे उरली नसावी. मलाही राग आला नाही. आम्ही दोघींनी चहा घेतला.

पाण्याचा तांब्या हातात घेऊन चुलीपुढे उभी राहिले. विझवली तर उद्या काठी कुसाबाईच्या दारात. तिच्याकडे नेण्यासारखं आता काही नाही. हे मला वाटलं नाही, मला फक्त माहीत होतं. तांब्या खाली ठेवला.

काठी दारातच आहे.

१३ जानेवारी

बसून आले. काय गेलं, कळत नाही. हेच वाईट — वाईट म्हणायचं ना याला?

२१ जानेवारी

पुन्हा. मध्ये सहा-सात दिवस मिळाले असतील. झऱ्याचं पाणी खूप पिते. काल जांभळाखाली बसले असताना छातीत काहीतरी हललं, पूजा लहानपणी चपला उलट्या घालायची ते. कोवळं होतं. आज तेच आधी गेलं.

२ फेब्रुवारी

कुसाबाई परत आली नाही. भिमाजी आणि मी जाऊन आणली. कातळावर तशीच बसली होती, काठी मांडीवर. चालवलं तर चालते. भरवलं तर खाते. वाल्मीक म्हटलं तर बघते, पण भिंतीकडेही तशीच बघते.

तिची चूल थंड झाली. भिमाजींनी नारळ फोडला.

आता आम्ही पाच घरं.

९ फेब्रुवारी

शाळेच्या भिंतीशी गेले. पूजाचे खूप मिस्ड कॉल. मेसेज — आई फोन उचल. आई मी येतेय.

येऊ नको असं कळवायचं होतं. लिहायला घेतलं. येऊ नको, कारण —

कारण सापडेना. ते होतं. बॅटरी संपली.

१४ फेब्रुवारी

आराखड्यात लिहिलं, पाळीचा कालावधी वाढवावा. चुली वाढवाव्यात.

दुसरं वाक्य खोडलं. मग ठेवलं.

२० फेब्रुवारी

मोह गळतोय. बायका वेचतात. वास येतो म्हणतात.

बसून आले. आता तीनच घरं उरली. तेरवा परत.

२५ फेब्रुवारी

एक मुलगी आली आहे. सॅक घेऊन, फाट्यावरून पायी. मला बघून पळत आली. खूप बोलते. मी किती वाळले म्हणते. चेहरा ओळखीचा — नाव पूजा, ते माहीत आहे. नाव आहे.

तिने भाकरी केली. मला भरवली.

भिमाजी आले होते. तिच्याकडे बराच वेळ बघत होते.

२६ फेब्रुवारी

काठी दारात. मी उठले तर तिने खाली बसवलं. अंगात ताकद नाही तुझ्या, म्हणाली. बसायचंच असतं ना नुसतं दिवसभर? मी जाते.

घरातलं कुणीही चालतं.

सांगायला हवं, असं काहीतरी आहे. तरणी आहे ती, बाविशीची. सुकलेलं असून असून किती असणार? बापाचं तेवढं आहे. पहिल्या पाळीला तेवढंच जाईल. मग —

तिने डबा भरला. केस बांधले. काठी उचलली.

पायऱ्या उतरून वळली आणि मला हाक मारली. एकच शब्द. मी हात केला. ती हसली, गेली. झाडांत दिसेनाशी झाली.

तो शब्द मला ठाऊक होता. कुणाला म्हणतात, तो — थांबवायचं असेल तर उलट काय हाक मारायची, ते मी